केमिस्ट्रीच्या पेपरनंतर उत्तरं जुळवताना

आधी प्रश्नपत्रिकेचा सेट बघ. पर्यायांचा क्रम बदललेला असेल तर ‘माझं ब, तुझं क’ या बोलण्याला काही अर्थ नाही. पर्यायाचं अक्षर नको, उत्तरच सांगायचं, तेही एककासकट.

आकडा जुळला नाही की लगेच हादरू नकोस. फरक किती पटीचा आहे ते पाहा, त्यातच चूक सापडते. ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्लाच्या २० मिलिलिटरला तितक्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड ४० मिलिलिटर लागतं. ज्याचं २० आलं, तो आम्लाचे दोन प्रोटॉन विसरला. हजारपटीचा घोळ असेल तर ज्यूल-किलोज्यूलकडे बघ: ΔH (उष्णतेतला बदल) किलोज्यूलमध्ये, ΔS (एन्ट्रॉपीतला, म्हणजे विस्कळीतपणातला बदल) ज्यूलमध्ये, आणि ΔH − TΔS ही वजाबाकी थेट केलेली! जस्त-तांबे घटाचं १.१० व्होल्टऐवजी ०.४२ आलं असेल, तर जस्ताच्या −०.७६ व्होल्ट या विभवातलं ऋण चिन्ह घोटाळ्यात सापडलंय. शेवटच्या दशांशातला फरक बहुतेक वेळा क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ की ३५.४५ घेतलं एवढ्यापुरताच असतो, त्यावर वाद घालणं फुकट.

चौघांचं उत्तर सारखं म्हणजे ते बरोबर, असंही नाही. १०⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच ८ लिहिणारे नेहमी बहुमतात असतात. पीएच ७ च्या वर म्हणजे आम्लारी, आणि आम्ल कितीही विरळ केलं तरी आम्लारी होणार नाही. पाण्याचे हायड्रोजन आयन धरले की उत्तर साधारण ६.९८ येतं.

दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर मात्र हे सगळं तेव्हाच काढायचं नाही.