मृत्यूची वेळ ठरवणारं काम: डॉक्टर व्हावं की जीवरसायनशास्त्र घ्यावं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मृत्यू कधी झाला हे शरीरातल्या जैविक खुणांवरून ठरवण्याचं काम करायचंय, तर डॉक्टर व्हावं की विज्ञान शाखेतून जावं? ‘जन्मभर प्रेतांमध्येच राहणार का?’ हा आईचा सवालही तू कळवला आहेस.

आधी हे काम जवळून बघ. डोळ्याच्या आतल्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक द्रव असतो. जिवंतपणी पेशी ऊर्जा खर्चून पोटॅशियम आपल्या आत राखतात. मृत्यूनंतर ते थांबतं आणि पोटॅशियम दृष्टिपटलातून (डोळ्याच्या मागच्या आतल्या पडद्यातून) हळूहळू या द्रवात झिरपतं. द्रवात ते किती साठलंय, यावरून मृत्यूला किती तास झाले याचा अंदाज बांधतात. नमुना घेताना सुईने द्रव अगदी सावकाश ओढावा लागतो. घाई केली की दृष्टिपटलाचे कण सोबत येतात आणि आकडा फुगतो. १९६०च्या दशकातल्या एका प्रसिद्ध सूत्राप्रमाणे पोटॅशियमच्या आकड्यात लिटरमागे फक्त १ मिलिमोल (पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) फरक पडला, तरी अंदाज सुमारे ७ तासांनी सरकतो. ‘तेव्हा मी तिथे नव्हतो’ म्हणणाऱ्या आरोपीचं सगळं भवितव्य त्या ७ तासांवर अवलंबून असू शकतं!

म्हणून प्रामाणिक तज्ज्ञ घड्याळातली नेमकी वेळ सांगत नाही, ‘अमुक ते अमुक तासांदरम्यान’ असं सांगतो. तेही शरीराचं तापमान, ताठरपणा, माश्यांच्या अळ्यांची वाढ असं सगळं ताडून पाहिल्यावर. भोवतालची उष्णता बदलली की यातलं जवळपास प्रत्येक गणित बदलतं. स्नायूंतल्या प्रथिनांचं विघटन, आरएनए (पेशींतला जनुकीय संदेश वाहणारा रेणू), जिवाणूंच्या समूहातले बदल यांवर अजून संशोधन चालू आहे, आणि मला खरा वाव तिथेच दिसतो.

शवविच्छेदन स्वतः करायचं असेल तर वैद्यकीय पदवीला पर्याय नाही, आणि त्यात तज्ज्ञ व्हायचं तर पुढे न्यायवैद्यकशास्त्र. नमुन्यांवर काम करायचं असेल तर जीवरसायनशास्त्र किंवा रेणवीय जीवशास्त्र. अळ्यांचा अभ्यास कीटकशास्त्रातून होतो.

आईची काळजी उडवून लावू नकोस. शवागारातला वास, लहान मुलांचे मृतदेह, बाहेर बसलेले नातेवाईक हे सगळ्यांना झेपत नाही, आणि न झेपणं हा कमीपणा नाही. प्रयोगशाळेत मात्र तुझ्यासमोर बहुतेक वेळ नमुन्याच्या नळ्या आणि आकडेच असतील, हे आईला सांग.

तुझ्या पत्रात अर्धं पान रसायनांवर आहे, शवविच्छेदनावर एकही ओळ नाही. त्यामुळे मी जीवरसायनशास्त्राची पदवी सुचवेन. सोबत संख्याशास्त्र घेच. त्याशिवाय ‘अमुक ते अमुक’ची मर्यादा न्यायालयात पटवून देता येणार नाही.