चहातली पुडी

"मॅडम, त्यांना न सांगता देता येईल असं काही औषध नाही का हो?"

दारू सोडवण्याच्या माझ्या कामात आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच. बहुतेक वेळा बायको विचारते. या वेळी सून होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. वय ६८, साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त. नोकरीत असताना पगाराच्या दिवशी घ्यायचे, तेवढंच. सासूबाई गेल्या आणि रोजची क्वार्टर सुरू झाली. हल्ली दुपारी एक, रात्री एक. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दिवाणात, गोधड्यांखाली. नवऱ्याचं म्हणणं, "जन्मभर राबलेत, आता वडिलांना मी काय शिकवू?" आणि सोडा आणायला दहा वर्षांचा नातू.

एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, ६० ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असतं. अण्णांच्या पोटात रोज त्याच्या दुप्पट जात होतं. उतारवयात शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे तेवढीच दारू जास्त चढते. "पूर्वी काही व्हायचं नाही, आता न्हाणीघरात पडतात" हे म्हणूनच. त्यात बीपीची गोळी चालू.

बोलता बोलता तिने पर्समधून एक पुडी काढली. पांढरी पूड, वर ना नाव ना घटक. जाहिरात बघून कुरिअरने मागवलेली.

"दोनदा चहात घातली," ती खाली बघत म्हणाली. "दुसऱ्यांदा त्यांनी एक घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, आज चहाला काय झालंय? तेव्हापासून घरचा चहा घेतच नाहीत. टपरीवर जातात."

पुडीत काय होतं ते मलाही कळायला मार्ग नव्हता. डायसल्फिराम असलं तर? ते दारू सोडवायचं खरंखुरं औषध आहे, डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने. कारण त्यावर दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळू शकतो. या वयात ते जिवावर बेतू शकतं.

"मग बाटल्याच फेकून देते!"

इथे मी तिला माझी चूक सांगितली. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घराला मी यालाच मान डोलावली होती. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत काहींना नसलेली माणसं, भिंतीवरच्या मुंग्या दिसायला लागतात. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली. तिथे झटके टाळायची औषधं असतात, बी-१ जीवनसत्त्व देतात.

"मग मी करू तरी काय?"

"पुडीचं अण्णांना सांगा."

तिचा चेहरा पडला. सासऱ्यांना? असलं? पण आठवड्याने तिने सांगितलं. सकाळी, पहिला पेग पोटात जायच्या आधी, नवऱ्याला शेजारी बसवून. भाषण नाही, लाजबीज काढली नाही. "तुम्ही पडलात, मी घाबरले, म्हणून चहात पूड घातली. चुकलं माझं. परत नाही घालणार."

अण्णा उठून बाहेर गेले. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "सकाळी शर्टाची बटणं लागत नाहीत गं. हात राहत नाही."

दारूसाठी ते कधीच डॉक्टरकडे गेले नसते. बटणांसाठी गेले. दहा दिवस ॲडमिट होते. गौरी-गणपतीत पुन्हा प्यायले, चार दिवस, पुन्हा डॉक्टर. असं होतं, मी आधीच सांगून ठेवलं होतं. दरम्यान नातवाची सोड्याची फेरी बंद झाली. अण्णा पिऊन पडलेले असले की "झोपलेत" म्हणून पाहुण्यांना परतवणं तिने सोडलं. ती आता अल-अ‍ॅनॉनच्या बैठकीला जाते. पिणाऱ्यांच्या घरच्यांचा हा गट १९५१ साली अमेरिकेत सुरू झाला, आपल्याकडेही भरतो. कुणाला कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

गेल्या महिन्यात अण्णा स्वतः आले, सुनेबरोबर. मी चहा मागवला. त्यांनी कप उचलला, नाकाशी नेला, हुंगला, सुनेकडे तिरकं बघितलं.

"यांच्याकडचा आहे अण्णा, मी नाही केलेला," ती म्हणाली.

"म्हणूनच," म्हणाले, आणि बशीत ओतून प्यायले.