गोव्यात जंगली शिकारी प्राणी-पक्षी बघायला आणि त्यांचे फोटो काढायला कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून जानेवारीत चार दिवस येताय, हाताशी 70-300 ची लेन्स आहे, आणि वाघ, बिबट्या, गरुड असे शिकारी गोव्यात दिसतील का, की सरळ ताडोबा गाठावं. वाघाचाच फोटो हवा असेल तर ताडोबाच गाठा. पण शिकारी प्राणी शिकार करताना बघायचा असेल तर गोव्याला या, आणि आल्यावर जंगलात शिरण्याआधी पाण्यावर जा.

गोव्यात वाघ आहेत. म्हादई, मोले, नेत्रावळी हा सगळा पट्टा कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पाशी जोडलेला आहे, आणि वनखात्याच्या कॅमेऱ्यांत वाघाचे फोटो येतात. माणसाच्या हातातल्या कॅमेऱ्यात मात्र तो जवळजवळ येतच नाही. ताडोबात उन्हाळ्यात पाणी आटतं, प्राणी मोजक्या पाणवठ्यांवर गोळा होतात, आणि मग जिप्सी तिथे उभी करून वाट बघता येते. इथे सह्याद्रीच्या उतारावर ओढे बारमाही वाहतात. सांबर, भेकर, गवा सगळे विखुरलेले, मग त्यांच्या मागावरचा वाघही विखुरलेला. शिवाय रान इतकं दाट की रस्त्यापासून दहा पावलांवर गवा उभा असला तरी नुसता फांदी मोडल्याचा आवाज येतो. बिबट्या वाघापेक्षा बराच जास्त आहे, गावांच्या कडेपर्यंत येतो, पण त्याच्या मागे रात्री गाडी घेऊन फिरू नका. त्याला त्रास होतो आणि गावकऱ्यांनाही.

पाण्यावर गोष्ट वेगळी. मांडवी, झुआरी, त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आणि काठची खाजनं, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेतं, इथे सगळं उघड्यावर चालतं. मध्ये झाड येत नाही, उजेड भरपूर असतो, आणि 300 ची लेन्स पुरते, कारण नावेतून पक्षी जवळ येऊ देतात.

सुरुवात मांडवीतल्या चोडण बेटापासून करा. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की धक्क्याला लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य सुरू होतं. अभयारण्य जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचं, सगळं खारफुटीचं. पायवाटेनं फिरता येतं, पण खरं बघायचं ते होडीतून. इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटी बघून जावं लागतं. भरतीला होडी आतल्या अरुंद वाटांनी शिरते आणि फांदीवर बसलेले खंड्या अगदी समोर येतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे, आणि खेकडे बाहेर येतात, आणि त्यांच्यावर टपलेले सगळे खाली उतरतात. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. नदीत आत ती थोडी उशिरा पोचते. बेत आखायला एवढा अंदाज पुरतो, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या. माझ्या मते भरती नुकतीच ओसरायला लागलेली असते ती वेळ सगळ्यात चांगली, म्हणजे एका फेरीत दोन्ही बघायला मिळतं.

चोडणला शोधायचा तो पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या. निळसर हिरवी पाठ, पोट शुभ्र, गळ्याभोवती पांढरा पट्टा. गावातल्या तळ्यावर दिसतो तो हा नव्हे. हा खारफुटी सोडून सहसा कुठे जात नाही. थंडीत काळ्या टोपीचा खंड्याही येतो, जांभळट निळा, पोट तांबूस, आणि बराच लाजरा. दोघेही खेकडा पकडला की फांदीवर आपटून आपटून त्याच्या नांग्या मोडतात आणि मगच गिळतात. ते आपटणं बराच वेळ चालतं. पक्षी झेपावताना टिपायची धडपड करण्यापेक्षा तो परत कुठल्या फांदीवर येतो ते बघा आणि त्या फांदीवर फोकस धरून थांबा. खंड्या आपली जागा सहसा बदलत नाही.

गरुडांचं काय, असं तुम्ही खास विचारलंय. नदीवर ब्राह्मणी घारी सतत दिसतील, विटकरी अंग आणि पांढरं डोकं. त्यांच्यात डोकं, पोट आणि पंखांची पुढची बाजू पांढरी, बाकी पंख राखाडी, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी, पंख किंचित वर उचलून तरंगणारा एखादा खूप मोठा पक्षी आला तर तो पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड. पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास. तो आला की घारी आणि कावळे गोंगाट करत त्याच्या मागे लागतात, म्हणून डोळ्यांआधी कानाला कळतं.

पण जानेवारीत येताय तर मी तुम्हाला कैकरासाठी, म्हणजे ऑस्प्रेसाठी, वेळ काढायला सांगेन. हा हिवाळी पाहुणा. पाण्यात उभ्या केलेल्या खांबावर तासन् तास बसतो आणि मासा सोडून जवळपास काही खात नाही. तो उठला की कॅमेरा डोळ्याला लावा. आधी पाण्यावर उंच गिरक्या घेतो, मग एका जागी पंख फडफडवत थांबतो, आणि पाय पुढे ताणून असा खाली येतो की कधी कधी छातीपर्यंत पाण्यात जातो. मासा लागला तर वर येताना दोन-तीन जोरदार फडके मारतो, हवेतच अंग झटकून पाणी उडवतो, आणि मग ती गोष्ट करतो जी बघण्यासाठी मी पुन्हा पुन्हा जातो: एक पाय पुढे, एक मागे करून माशाचं तोंड उडण्याच्या दिशेला वळवून घेतो. मासा आडवा राहिला तर वारा अडतो. त्याचं बाहेरचं बोट मागे वळतं आणि तळव्याला काटेरी खरखरीत खवले असतात, म्हणून गुळगुळीत मासा सुटत नाही. हे सगळं काही सेकंदांत संपतं. शटर 1/2000 च्या आसपास ठेवा, आयएसओ ऑटोवर सोडा, आणि सगळे फोटो झडप घालण्याच्या क्षणावर उधळू नका. अंग झटकतानाचा फोटो बहुधा जास्त चांगला येतो. मागे चमकणारं आभाळ असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. मागे काळी खारफुटी आणि पुढे पांढरा पक्षी असेल तर उलट कमी करा, नाहीतर पिसांचा तपशील जळून जातो. नावेत ट्रायपॉड आणू नका, नावेची थरथर त्याच्यातून सरळ कॅमेऱ्यात येते.

कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. ही आपली नेहमीची गोड्या पाण्यातलीच मगर, पण इथे भरतीच्या खाऱ्या पाण्यात तिने बस्तान बसवलंय. तिसवाडी बेटाच्या राखणीसाठी या मगरी मुद्दाम पाळल्या होत्या अशी दंतकथा लोक आवडीनं सांगतात. थंडीच्या दिवसांत ऊन वर आलं आणि ओहोटी लागली की त्या चिखलावर येऊन जबडा उघडून पडतात. म्हणून इथे पहाटे जाऊ नका, नऊ-दहा नंतर जा. चिखलाचा आणि मगरीचा रंग एकच, त्यामुळे आधी चिखलावरची घसरण शोधा, मगर पाण्यातून वर सरपटल्याची ओली चकचकीत पट्टी. काही नाववाले गिऱ्हाईक खूश करायला फार जवळ नेतात आणि मगर धपकन पाण्यात जाते. तिला ऊन खाऊ द्यायला सांगा. झुआरीकाठच्या दुर्भाट, बोरी भागात पौष महिन्यात खाजनाच्या बांधावर चिखलाची मगर घडवून पूजतात, तिला मानगेथापणी म्हणतात. तुमच्या तारखा जुळल्या तर विचारपूस करून जरूर बघा. ज्या पाण्यात उतरून माणसं शेती आणि मासेमारी करतात, त्या पाण्यातल्या मगरीशी त्यांनी ठेवलेलं हे नातं आहे, आणि मगर इथे टिकली त्यात याचा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

खाजनांत आणखी एक जागा सांगतो: मानस. बांधात पाणी आत-बाहेर सोडायला लाकडी दारं असतात, ती मानस. ओहोटीला पाणी बाहेर पडतं तेव्हा मासे दारापाशी गोळा होतात. बगळे, खंड्या, घारी हजर असतात आणि उजाडताना किंवा अंधार पडताना नशीब असेल तर पाणमांजरांचा कळप. बांधावर माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असलेली विष्ठा दिसली की समजा, ती इथे येतात. आडोसा धरून, वाऱ्याची दिशा बघून बसा. मात्र मानशीवरची मासेमारी कुणाची तरी रोजीरोटी असते, तेव्हा आधी विचारा आणि मगच बसा.

करमळीचं तळं रेल्वे स्टेशनाला लागूनच आहे, एक सकाळ तिथे द्या. हजारो अडई बदकं शांत बसलेली असतात आणि अचानक सगळी एकदम उठतात. तेव्हा बदकांचे फोटो न काढता ती कशाला घाबरली ते बघा. बहुतेक वेळा दलदली भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी, पाणवेलींच्या अगदी जवळून फिरत असतो.

आता जंगल. एक दिवस नक्की द्या, पण तिथे ऐकायला जा. तांबडी सुर्लाच्या कदंबकालीन महादेव मंदिराभोवतीचं रान किंवा बोंडला घ्या. सकाळी लवकर एका जागी बसा, चालत सुटू नका. शेकरू एका सुरात चिरकायला लागली, वानरं खोकल्यासारखा आवाज काढायला लागली, भेकर भुंकलं, तर कुणीतरी फिरतंय. वानर आभाळाकडे बघून ओरडतंय की जमिनीकडे, एवढं पाहिलं तरी गरुड की बिबट्या याचा तर्क करता येतो. भृंगराज, तो शेपटीला दोन लांब तारा असलेला कोतवाल, सर्पगरुडाची शीळ हुबेहूब काढतो, म्हणून नुसत्या शिळेवर धावू नका. ऊन तापल्यावर चोर्ला घाटाच्या वळणावर थांबलात तर काळा गरुड झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, पंख न हलवता जाताना दिसतो. तो पक्ष्यांची घरटी हुडकत असतो. त्याला वरून बघता येईल अशी उंच जागा निवडा.

पावसाळ्यात येणार असाल तर तिबोटी खंड्या आहे. चिमणीएवढा, पण पाली आणि बेडूक आणून पिलांना भरवतो, तोही शिकारीच. हल्ली त्याच्या बिळासमोर फांद्या रोवून, आजूबाजूची झुडपं छाटून रांगेनं फोटो काढले जातात. हे मला सहन होत नाही. झुडूप छाटलं की बिळाचं तोंड उघडं पडतं आणि साप, मुंगूस यांना वाट मिळते. पक्ष्यांच्या घरट्यांना छेडणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच येतं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं, दिवसा झोपलेल्या बेडूकतोंड्या या निशाचर पक्ष्यावर फ्लॅश मारणं, हेही करू नका आणि सोबतच्या कुणी केलं तर तिथेच थांबवा.

आणि एक विनंती. बिबट्या, वाघ किंवा त्यांचे ठसे जरी दिसले तरी जागा जाहीर करू नका, फोटोतलं लोकेशन काढून टाका. जानेवारी 2020 मध्ये सत्तरी तालुक्यात गोळावलीला, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे बछडे असे चार वाघ विषानं मेले. गुरं मारली गेल्याच्या रागातून ते घडलं. त्याच सत्तरीत वाघ्रोदेवाची ठिकाणं आहेत, वाघाला पूजणारी माणसं आहेत. ज्याची गाय जाते त्याचं दुःख खरं असतं, आणि वाघ दिसल्याची बातमी पसरली की ते आणखी चिघळतं.

राहायला पणजी किंवा जुन्या गोव्याच्या आसपास बघा, नदीची सगळी ठिकाणं जवळ पडतात. खोलीत एसी असेल तर कॅमेरा बॅगेतच ठेवून बाहेर आल्यावर अर्धा तास उघडू नका, नाहीतर काचेवर वाफ धरते आणि सकाळचा सगळ्यात चांगला उजेड पुसण्यात जातो. अभयारण्यात कॅमेऱ्याचं शुल्क भरून पावती जवळ ठेवा, ड्रोन आणूच नका. महागडा गाइड घेण्यापेक्षा त्या पाण्यावर रोज जाळं टाकणारा नाववाला गाठा, आदल्या संध्याकाळी त्याच्याशी बोला, आणि इंजिन कुठे बंद करायचं हे त्यालाच ठरवू द्या.