वैद्यकीय महाविद्यालयांनी फक्त डॉक्टर घडवावेत, संशोधन आणि रुग्णसेवा इतरांवर सोपवावी, हे योग्य ठरेल का?

हेच मत मी पूर्वी दटावणीच्या रूपात ऐकले आहे. "तुम्ही इथे शिकायला आला आहात, रुग्ण बघा; मोजदाद करायला दुसरे लोक आहेत," असे आमच्या युनिटप्रमुखांनी मला भर राउंडमध्ये सुनावले होते. तेव्हा उत्तरात थोडा कडवटपणा उतरला, तर समजून घ्यावे.

मी त्या वेळी मेडिसिन विभागात पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर होतो. लघवीची नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हे पुस्तकात वाचलेले होतेच. पण आमच्या वॉर्डात नळी घालण्याचा निर्णय कोणीतरी घेत असे आणि काढण्याचा निर्णय मात्र कोणाकडेच नसे, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. रुग्ण उठून चालू लागला, तरी पिशवी हातात घेऊनच चालत असे. मी एका वहीत रोज खाटेचा क्रमांक, नळीचा कितवा दिवस आणि ती आज कशासाठी ठेवली आहे, अशा तीन नोंदी करू लागलो. तिसरा रकाना बहुधा रिकामाच राही. रात्रपाळीच्या सिस्टरांनी ती वही पाहिली आणि माझी ड्यूटी नसेल तेव्हा त्या स्वतःहून रकाने भरू लागल्या. पंधरवड्याने ती वही मी राउंडमध्ये पुढे केली, तेव्हा वरचे वाक्य ऐकावे लागले.

सरांना तेव्हा जे सांगता आले नाही, ते इथे सांगतो. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या कक्षात सुमारे ११ टक्के बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्यात ३ टक्क्यांहूनही कमी. शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी आणि डॉक्टर त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत होते. तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. म्हणजे शिकवण्याच्या पद्धतीनेच रुग्ण मरत होते आणि ते उघडकीस आले ते दोन वॉर्डांतील आकडे शेजारी मांडल्यामुळे. सेमेलवाइस तिथे सहायक पदावर होते, आणि १८४९ मध्ये त्यांना मुदतवाढ मिळाली नाही.

पॉल लँगरहान्स यांनी स्वादुपिंडातील पेशींची बेटे १८६९ मध्ये विद्यार्थिदशेतील प्रबंधात वर्णिली. ती कशासाठी असतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. याच बेटांत तयार होणारे आणि मधुमेहावर दिले जाणारे इन्सुलिन टोरोंटोमध्ये वेगळे काढले गेले ते १९२१ मध्ये. विद्यार्थ्याने नुसते नीट पाहून लिहून ठेवले, तर त्याचे मोल कधी कळेल याचा हिशेब आधी मांडता येत नाही.

आपण सुचवता तशी, केवळ शिकवणारी महाविद्यालयेही होऊन गेली आहेत. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळा पाहून १९१० मध्ये अहवाल दिला, त्यात प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांच्याविना नुसत्या व्याख्यानांवर चाललेल्या शाळांचे वर्णन आहे. त्यांतल्या पदवीधराकडे मी माझा साधा गळूही दाखवला नसता.

एक मान्य केले पाहिजे. पदवीपुरता लिहिलेला आणि कपाटात गेलेला सक्तीचा प्रबंध म्हणजे संशोधन नव्हे, आणि रुग्णाची संमती न घेता त्याच्या पोटावर दहा विद्यार्थ्यांचे हात फिरवणे ही रुग्णसेवाही नव्हे. तिन्ही कामांचा भार एकाच अध्यापकावर टाकला, तर त्यातले एक काम कागदावरच उरते, ही तक्रारही खोटी नाही.

महाविद्यालय निवडायचे असेल, तर तिथल्या विभागप्रमुखांना एवढेच विचारावे की, गेल्या वर्षभरात वॉर्डातील कोणती सवय तुम्ही बदलली आणि ती बदलायला हवी हे प्रथम कोणाच्या लक्षात आले. उत्तरात एखाद्या निवासी डॉक्टरचा किंवा सिस्टरांचा उल्लेख आला, तर तिथे खुशाल प्रवेश घ्यावा. आमच्या सरांना हे विचारले असते, तर त्यांनी राउंड पुढच्या खाटेकडे नेला असता.