दिवाळीला घर भरणार, आणि स्वयंपाकाच्या विचाराने झोप उडालेली

"सगळे येणार म्हणून आनंद व्हायला हवा, पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. कोणाला काय चालतं, कोणाला काय चालत नाही, तेच डोक्यात." दसरा झाला की माझ्याकडे ही तक्रार हमखास येते. सांगणारी बहुतेकदा पन्नाशी-साठीतली बाई असते आणि सांगताना ओशाळते. एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे काय जायचं, असं तिला वाटतं. मला ही गोष्ट एवढीशी वाटत नाही. घरातलं एक माणूस महिना-महिना धास्तीत काढतं आणि बाकीचे त्याला 'बायकांची किचनमधली कुरबुर' म्हणून सोडून देतात, हे मला मुळीच पटत नाही.

कर्वेनगरच्या एका बाईंची हकिकत सांगते. त्यांना इथे माधवीताई म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगा-सून बंगळुरूहून यायचे होते, लेक-जावई नातवाला घेऊन नागपूरहून. सून जैन घरातली, कांदा-लसूण आणि कंदमुळं न खाणारी, म्हणजे बटाटा, गाजर, मुळा सगळं बाद. जावयांच्या जिभेला झणझणीत सावजी मटण-रश्श्याची सवय, त्यांना गूळ घातलेली आमटी सपक लागणार. नातू पाच वर्षांचा, वरण-भात-तूप सोडून कशाकडे बघत नाही. यजमानांना मधुमेह. आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई, ज्या पानावर बसल्या की पहिल्या घासाला म्हणतात, "चवच नाही गं कशाला."

माधवीताई हाताने सुगरण. त्यांनी नवरात्रापासूनच तयारी धरली होती. मोबाइलवर बघून रोज संध्याकाळी एक नवा पदार्थ करायचा, यजमानांना वाढायचा आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. ते म्हणायचे, "छान झालंय." मग ह्या विचारणार, "छान म्हणजे काय? मीठ बरोबर आहे? तिखट झालंय?" ते पुन्हा म्हणणार, "अगं, छान आहे." तिथून वादाला तोंड फुटायचं. आकाशकंदील माळ्यावरून खाली यायच्या आधीच घरात अबोला सुरू झाला होता.

मी विचारलं, "परवा केलेली ती पनीरची भाजी. ती करून बघून तुम्हाला नेमकं काय कळून घ्यायचं होतं?"

बराच वेळ थांबून त्या म्हणाल्या, "सगळ्यांना आवडेल की नाही ते."

पण ते सगळे तर बंगळुरूत आणि नागपुरात होते. यजमानांच्या जिभेवरून सुनेची आवड कळणार कशी? हे लक्षात आल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या स्वतः नव्या सून असताना, पहिल्या दिवाळीत कोणीतरी भरलं ताट सरकवून उठून गेलं होतं, ते त्यांनी तेव्हा सांगितलं. इतक्या वर्षांनंतरही प्रत्येक दिवाळीत त्या तेच ताट परत सरकवलं जाईल म्हणून घाबरत होत्या.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडायला घेतलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मी अशा वेळी वापरते. तिचा गाभा घरगुती भाषेत सांगता येतो. सगळ्यांनी आवडीने जेवावं ही इच्छा निरोगी आहे. पण तीच अट झाली, की पातेल्यात उरलेली वाटीभर भाजी पाहून 'आई म्हणून, सून म्हणून मी कमी पडले' असा निकाल मन लगेच देऊन टाकतं. भाजीबद्दलचं मत स्वतःच्या लायकीपासून सोडवून घ्यायला माधवीताईंना वेळ लागला. त्यासाठी सासूबाईंचं उदाहरण फार कामी आलं. आपल्याला जी 'चव' कळते तिचा मोठा भाग खरं तर वासाचा असतो आणि वय वाढतं तशी वासाची जाणीव मंदावते. काही औषधांनीही तोंडाची चव बदलते. "म्हणजे त्यांना खरंच चव लागत नसेल?" माधवीताईंनी विचारलं. इतकी वर्षं ते वाक्य त्या टोमणा म्हणून ऐकत होत्या.

माणसामाणसांच्या जिभा जन्मतःही सारख्या नसतात. 1931 मध्ये अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड हवेत उडाली. ती सहकाऱ्याला कडूजहर लागली, फॉक्सना मात्र कसलीच चव आली नाही. हा फरक आनुवंशिक असतो हे पुढे सिद्ध झालं. लहान मुलं नवा पदार्थ आठ-दहा वेळा किंवा त्याहून जास्त वेळा समोर आल्यावर कधीतरी स्वीकारतात. तेव्हा चार दिवसांच्या सुट्टीत नातू भरली भेंडी खाईल, ही अपेक्षाच सोडून दिलेली बरी. त्याला वरण-भात द्या आणि शेजारी चमचाभर भाजी ठेवा. आग्रह नको.

मग मी त्यांना फोन करायला सांगितलं. अंदाज बांधत बसायचं नाही, थेट विचारायचं. सून म्हणाली, "आई, माझ्यासाठी वेगळं ताट नका करू, मला अवघडल्यासारखं होतं. सगळ्यांच्या जेवणातले दोन पदार्थ मला चालणारे असले की झालं." जावई म्हणाले, "तर्री वेगळ्या वाटीत द्या, मी वरून घालून घेईन."

सगळ्यात मोठी मदत घरातच होती. सासूबाईंनी जन्मभर चातुर्मास पाळलेला, आषाढी ते कार्तिकी एकादशी कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. दिवाळी त्यातच येते. गोडा मसाला, ओलं खोबरं, दाण्याचं कूट यांवर निभावणारा अख्खा स्वयंपाक त्यांना तोंडपाठ होता: लाल भोपळ्याची भाजी, पडवळाची डाळ घालून भाजी, कढीगोळे, डाळिंब्यांची उसळ. माधवीताई इंटरनेटवर जैन पाककृती शोधत होत्या आणि निम्मं उत्तर शेजारच्या खोलीत जप करत बसलं होतं. सासूबाई सांगत गेल्या, ह्यांनी वहीत उतरवून घेतलं, एकेक पदार्थ सुनेला फोनवर विचारला. डाळिंब्या मोडाच्या, म्हणून तिच्या माहेरी चालत नाहीत, ती मात्र खाते, हे असंच कळलं.

करून बघणं आम्ही थांबवलं नाही. फक्त प्रत्येक वेळी एकच प्रश्न ठरवला आणि उत्तर वहीत लिहिलं. कांद्याशिवाय रस्सा दाट होतो का? तीळ-खोबऱ्याच्या वाटणाने होतो. आठ माणसांचा मसालेभात मोठ्या कुकरमध्ये मावतो का? नाही, पातेलं लागतं. यजमानांना आता "कसं झालंय?" असं विचारायचं नाही, "मीठ कमी की जास्त?" एवढंच विचारायचं. ह्याचं उत्तर ते देऊ शकत होते. आणि नवा पदार्थ सणाच्या दिवशी पहिल्यांदा करायचा नाही.

वेळापत्रकही हलकं केलं. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान, दिवाळी पहाट, मग चकली-चिवडा-लाडूंचा फराळ झाल्यावर दुपारी पूर्ण ताटाची भूक कोणाला असते? त्या दिवशी मसालेभात, कढी, पापड. पंगत पाडव्याला. यजमानांच्या गोळ्या असल्याने जेवण दीडच्या पुढे न्यायचं नाही आणि त्यांच्यासाठी वेगळं गोड न करता श्रीखंडच अर्धी वाटी द्यायचं, असं डॉक्टरांना विचारून ठरवलं. मटणाचा प्रश्न जावई आणि मुलाने एका रात्री खानावळीत जाऊन सोडवला.

दिवाळीनंतर माधवीताई भेटल्या तेव्हा पडवळ उरलं होतं, कढीगोळे कमी पडले होते. सासूबाई "चव नाही" म्हणाल्या, तेव्हा ह्यांनी त्यांच्या पुढ्यात लिंबाचं लोणचं सरकवलं. झोप बरीच सुधारली होती. ज्यांची झोप-भूक घर परत रिकामं झाल्यावरही आठवडे-आठवडे जागेवर येत नाही, त्यांनी मात्र मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट राहिलीच होती. लेक निघताना म्हणाली होती, "आई, ह्या वेळी सगळं वहिनीचंच बघितलंस." हे माधवीताईंना लागलं होतं. पुढच्या भेटीला लेकीलाही फोनवर घेऊ या का, असं मी विचारलं आणि त्या हो म्हणाल्या.