दगडी हत्यारं घडवायला लागणारा दगड आपल्याच परिसरात कसा शोधावा?

तुम्ही विचारलंय की व्हिडिओंमध्ये सगळे जण काळी चकमक नाहीतर ऑब्सिडियन फोडताना दिसतात, तुमच्या आसपास यातलं काहीच दिसत नाही, मग दगड बाहेरून मागवावा की जवळपास काही सापडू शकेल. माझं म्हणणं असं, की आधी जवळ शोधा. मागवायचा तर नंतर मागवता येईलच. मी गेली नऊ वर्षं हे काम करतेय आणि माझ्याकडचा बहुतेक दगड मी पायी हिंडून उचललेला आहे.

शोधायला निघण्याआधी 'चकमक' हे नाव बाजूला ठेवा. आपल्याला हवी आहे ती फुटण्याची एक पद्धत. काचेच्या जाड बुडाचा टवका उडाला की आतली बाजू शिंपल्यासारखी गुळगुळीत आणि खोलगट निघते, तिच्यावर पाण्यात खडा पडल्यावर उठतात तशी वलयं दिसतात. याला शंखाकृती भंग म्हणतात. दगडाच्या आत थर नसतील, मोठे कण नसतील, तर घाव कुठेही न अडखळता आपण दिलेल्या दिशेने आरपार जातो. चकमक, चर्ट, जास्पर, अकीक ही सगळी अतिसूक्ष्म कणांच्या सिलिकाची भावंडं; सिलिका म्हणजे वाळूत आणि काचेत असतो तोच पदार्थ. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच, तिच्यात कण जवळजवळ नसतातच. पण बारीक पोताचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, आणि चांगला क्वार्टझाइट, म्हणजे कण एकजीव होऊन घट्ट झालेला वाळूदगड, हेही कामाला येतात. केनियातल्या लोमेक्वी इथे ३३ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली आहेत, ती बेसॉल्ट आणि फोनोलाइट अशा ज्वालामुखीच्या दगडांची, तिथल्या तिथे मिळणाऱ्या.

आता जायचं कुठे? घरबसल्या पहिलं काम म्हणजे आपल्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा मिळवून वाचणं. चुनखडी किंवा डोलोमाइट दिसला तर त्यात चर्टचे गोळे किंवा पट्टे असण्याची चांगली शक्यता असते. जुन्या समुद्रातल्या स्पंजांचे काटे आणि रेडिओलॅरियासारख्या सूक्ष्म जिवांची कवचं सिलिकाची होती. ती विरघळली आणि तो सिलिका गाळात पुन्हा एकवटून घट्ट झाला, त्याचे हे गोळे. पुढे चुनखडी पावसापाण्याने झिजून जाते आणि गोळे मातीत मागे राहतात. नकाशावर जुना लाव्हा असेल तर त्यातल्या पोकळ्यांमध्ये अकीक आणि त्याच्याच जातीची कॅल्सेडनी भरलेली मिळते. ती बहुधा लहान असते, पण बाणाच्या टोकाला पुरते.

मात्र नवख्या माणसाला माझा सल्ला एकच असतो, नदीवर जा. नदीने निम्मी निवड आधीच केलेली असते. मऊ दगड वाटेत झिजून वाळू होतो, चिरा पडलेला दगड आपटून फुटतो, आणि इतक्या लांबून वाहत आलेला गोटा टिकला असेल तर तो मुळातच घट्ट असतो. पूर ओसरल्यावर वळणाच्या आतल्या बाजूला जे गोट्यांचे पट्टे उघडे पडतात, तिथे हिंडा. दगड ओले असतानाच बघा. कोरड्या गोट्यावर धुळकट पांढुरकी कळा असते, सगळे सारखेच वाटतात, तेच ओले झाले की रंग आणि पोत लगेच बोलायला लागतात.

परवाचाच एक गोटा सांगते. मुठीपेक्षा थोडा मोठा, तपकिरी, दिसायला अगदी साधा. उचलला तो त्याच्या अंगावरच्या खुणांमुळे, कारण त्यावर नख रुतवल्यासारख्या बारीक चंद्रकोरी होत्या. वाहताना दुसऱ्या गोट्यांवर आपटून पडलेल्या. अशा कोरी दिसल्या की समजावं, हा दगड काचेसारखा फुटणारा आहे. मग तो बोटांच्या टोकांवर सैल तोलून धरला आणि दुसऱ्या लहान गोट्याने हलकेच टिचकी दिल्यासारखं वाजवलं. आवाज खणखणीत आला. मडकं घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच हे. बद्द आवाज आला की आत चीर आहे, किंवा दगड सच्छिद्र आहे, तो तिथेच ठेवून द्यायचा. यानंतर डोळे जपायला संरक्षक चष्मा घातला, गोट्याची एक निमुळती कड निवडली आणि कडेपासून जरा आत एक नेमका घाव घातला. नाण्याएवढा टवका उडाला. आतून मधाच्या रंगाचा, मेणासारखी मंद चमक, एकही ठिपका नाही. टवका उन्हासमोर धरला तर पातळ कडेतून उजेड आरपार आला. एवढं झाल्यावरच तो पिशवीत गेला. त्या सकाळी चाळीसेक गोटे वाजवले असतील, घरी आले पाच.

पहिल्या वर्षी मी हे करत नव्हते. रंग बघून पोतंभर दगड घरी आणले, पाठ मोडेस्तोवर वाहिले, आणि त्यातले दोन सोडले तर बाकी सगळे भुगा होऊन फुटले. म्हणून सांगते, चाचणीचा टवका जागेवरच काढा.

शंका असेल तर आणखी दोन साधे उपाय आहेत. पोलादी सुरीचं टोक दगडावर ओढा. सिलिकाच्या दगडावर ओरखडा उठत नाही, उलट सुरीचंच पोलाद घासून करड्या रेघेत दगडाला लागतं. चुनखडीवर मात्र पांढरा चरा पडतो, आणि त्या भुकटीवर व्हिनेगर टाकला की बारीक बुडबुडे येतात. क्वार्टझाइट ओळखायला ताजा फुटलेला भाग भिंगाखाली धरा. भेग कणांनाच चिरत आरपार गेली असेल तर दगड कामाचा. भेग कणांना वळसा घालून गेली असेल आणि बोटाला साखरेसारखं खरखरीत लागत असेल तर तो नुसता वाळूदगड. असा वाळूदगडही एखाद-दुसरा घ्या, घाव घालण्याआधी नाजूक कडा घासून बोथट करायला तो लागतोच. त्याच पट्ट्यातून हातोड्यासाठी दोन-तीन अंडाकृती गोटेही उचला, एक जड, एक हलका. पांढऱ्या गारेच्या मागे मात्र सुरुवातीला लागू नका. ती सगळीकडे मिळते, चमकते, पण आतल्या अदृश्य चिरांवरून वेडीवाकडी फुटते आणि शिकणाऱ्याचा हिरमोड होतो.

उघड्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या दगडाबद्दल जरा सावध राहा. थंडीत गोठणारं पाणी, वणवा, यांनी आत बारीक चिरा पडलेल्या असतात. काठ ढासळून किंवा खणून नुकताच उघडा पडलेला दगड नेहमी जास्त विश्वासाचा. इंग्लंडमधल्या ग्राइम्स ग्रेव्ह्ज इथे नवाश्मयुगातल्या लोकांनी हरणाच्या शिंगांनी खणून चारशेहून अधिक खाणी केल्या, काही १० मीटरपेक्षा खोल. वाटेत चकमकीचे दोन थर लागले तरी ते सोडून ती माणसं तळाच्या तिसऱ्या थरापर्यंत गेली, कारण चांगला दगड तिथे होता. शिंगाच्या टिकावाने इतकं खोल जायचं म्हणजे दगडाची केवढी पारख असेल, याचा मी नेहमी विचार करते.

चर्ट सापडला पण निबर आहे, टवका पुढे जातच नाही, असं बऱ्याचदा होतं. त्याला तापवून सुधारता येतं. दक्षिण आफ्रिकेतल्या पिनॅकल पॉइंटला माणसं ७२ हजार वर्षांपूर्वी सिलक्रीट, म्हणजे सिलिकाने सांधून घट्ट झालेला दगड, सर्रास तापवून घेत होती, आणि सुरुवात त्याहूनही बरीच जुनी असावी, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडलं आहे. दगड आधी पातळ तुकड्यांत फोडून कित्येक दिवस पूर्ण वाळवायचा, मग वाळूत पुरून सावकाश तापवायचा आणि तितकाच सावकाश निवू द्यायचा. साधारण २०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान काम होतं, पण प्रत्येक दगडाचं मान वेगळं, म्हणून आधी दोन-चार तुकड्यांवर करून बघा. घाई झाली तर तडकतो. ओलसर दगड थेट विस्तवात तर कधीच टाकू नका, तो फुटून तुकडे अंगावर येतात.

परवानगीचं सांगायलाच हवं. खाजगी जमिनीत मालकाला विचारा, चालू खाणीत तिथल्या जबाबदार माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि संरक्षित जागेतून खडाही उचलू नका. आणखी एक, एखाद्या जागी जुने, कडा बोथट झालेले, रंग पालटलेले टवके मोठ्या संख्येने पडलेले दिसले, तर ती बहुधा कुणाची तरी प्राचीन कार्यशाळा आहे. दगड कितीही सुरेख असो, हात लावायचा नाही. टवके कुठे आणि कसे पडलेत यावरून ते उडवणारा माणूस कुठे बसला होता हेसुद्धा अभ्यासकांना कळतं. आपण एक टवका हलवला की ते वाचता येत नाही. फोटो काढा, जागा टिपून ठेवा, पुरातत्त्व खात्याला कळवा.

चष्मा, चामड्याचे हातमोजे आणि मांडीवर जाड चामडं, यात तडजोड नको. धुळीला तर खरंच भ्या. इंग्लंडमधल्या ब्रँडन गावात बंदुकीच्या चकमकी घडवणाऱ्या कारागिरांचे बंद खोलीत काम करून सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने, बळी गेले. मोकळ्या हवेत, वारा पाठीवर किंवा बाजूला घेऊन बसा, एन-९५ मास्क लावा, आणि कचरा झाडण्याआधी पाणी शिंपडा.

तो कचराही नदीकाठी किंवा शेतात टाकू नका. आपला ताजा टवका आणि हजारो वर्षांपूर्वीचा टवका यांत पुढच्या माणसाला गोंधळ होऊ शकतो. मी एक खड्डा ठरवून ठेवलाय, सगळ्या कपच्या त्यात जातात, आणि दर वर्षी त्या वर्षाचं एक नाणं त्यात टाकते.