कोकणात जाऊन कादंबरी लिहायचीय म्हणतोस तर...

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, दोनदा वाचला कारण पहिल्यांदा वाचताना नुसती धाप लागली. नोकरी सोडायची, कोकणात समुद्राजवळ घर भाड्याने घ्यायचं, वर्षभर निसर्गाच्या सान्निध्यात राहून कादंबरी लिहायची आणि हे सगळं दिवाळीच्या आत ठरवायचं, असा प्लॅन. वर विचारलंयस की ताई, तुम्हाला काय वाटतं, खरं खरं सांगा. तर खरंच सांगते, नंतर रुसू नकोस.

आधी पैशाचं बोलून टाकूया म्हणजे तो विषय संपेल. मराठी पुस्तकाची आवृत्ती आजकाल बहुतेक वेळा हजाराच्या आतबाहेर, अनेकदा पाचशेच. धर तुझ्या पुस्तकाची किंमत ३०० रुपये आणि रॉयल्टी दहा टक्के, पाचशेच्या पाचशे प्रती खपल्या तरी हातात १५,००० रुपये, आणि तेही खपल्यावर. तुझ्या हिंजवडीच्या फ्लॅटचं एका महिन्याचं भाडं तरी यात निघतं का बघ. हे घाबरवायला सांगत नाहीये, लिहिणारे सगळे हे जाणूनच लिहितात, पण स्वप्नाचा खर्च कुठून येणार हे आधी माहीत असलेलं बरं असतं, नाहीतर तिसऱ्या महिन्यात माणूस समुद्राकडे बघत बसतो आणि डोक्यात ईएमआय फिरत असतो. त्यामुळे नोकरी सध्या ठेव. झालं, पैसे संपले.

आता कोकण. मला एक कळत नाही, तू जळगावचा ना रे? रावेर तालुक्यात आजोबांची केळीची बाग, शाळेच्या सुट्ट्या सगळ्या तिकडे गेल्या, आणि तू निसर्ग शोधायला गुहागरला निघालास? आपल्याकडे निसर्ग म्हटलं की हिरवं, लाल माती, माडाची रांग, धुकं असं काहीतरी ठरूनच गेलंय, रील्समध्येही तेच आणि पुस्तकांच्या कव्हरवरही तेच. कोकणाचं कौतुक मलाही आहे पण तिथल्या माणसांनी तिथलं भरभरून लिहून ठेवलंय, तू तिथे पाहुणा म्हणून जाणार आणि पाहुण्याला जे दिसतं तेवढंच लिहिणार.

पाठवलेल्या पहिल्या प्रकरणात तेच झालंय बघ. सुरूची झाडं, लाटांचा आवाज, दूरवर एक होडी. एकही गोष्ट अशी नाही जी मी आधी वाचलेली नाही. आणि मग मेसेजच्या शेवटी ताजा कलम म्हणून तू सहज लिहून गेलास की "मी सातवीत असताना मेमधल्या वादळात आजोबांची अख्खी बाग आडवी झाली, घड कापायला आठ दिवस राहिले होते आणि आजोबा दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे चहा पिऊन बागेत गेले." अरे, हे काय आहे! हे तू तळटीपेत टाकलंस आणि ती होडी पहिल्या पानावर. मला त्या चहाबद्दल वाचायचंय, होडीचं राहू दे.

केळीबद्दल मराठीत किती कमी लिहिलंय कधी विचार केलास का. मृगबाग कधी लावतात, कांदेबाग कधी (केळी लागवडीचे हे दोन हंगाम), झाड निसवतं म्हणजे नेमकं काय होतं, केळफुलाचं एकेक जांभळं पान वर उचललं जातं आणि त्याखालून फणी दिसायला लागते, घडाच्या वजनाने झाड एका बाजूला कलतं, घड कापला की त्या झाडाचं आयुष्य संपलं आणि शेजारचा मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेलं पिल्लू, मोठा व्हायला लागतो. बागेभोवती वाऱ्याला आडोसा म्हणून शेवरी लावतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पानं कडेने करपत जातात. सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला की धडधाकट दिसणारी झाडं स्वतःच्या हाताने उपटून फेकावी लागतात. हे सगळं तुला लहानपणापासून माहीत आहे म्हणून तुला ते "निसर्ग" वाटत नाही. आपल्या घरचं असलं की त्यात काय लिहायचं असं वाटतं, हा रोग सगळ्यांनाच होतो.

आणि तुझ्या जिल्ह्याची परंपरा तरी बघ जरा. बालकवी धरणगावचे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं होतं, तिथे त्या कोवळ्या पोराची कविता ऐकून त्याला बालकवी ही पदवी दिली. मराठीत निसर्गकविता म्हटलं की आजही पहिलं नाव त्यांचंच निघतं आणि हा माणूस १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेच्या अपघातात गेला तेव्हा अठ्ठावीस पूर्ण नव्हता. तू किती, एकोणतीस ना? घाई कर असं म्हणत नाहीये, पण वर्षभर रजा मिळाल्याशिवाय लिहिता येत नाही हे तुझं म्हणणं मला पटत नाही एवढंच. ना. धों. महानोर तुमच्याच जळगावला शिकायला होते, कॉलेज अर्धवट सोडून पळसखेडला शेतीत गेले आणि शेती करता करताच लिहीत राहिले.

आणि बहिणाबाई. आसोद्याच्या. १८८० चा जन्म, लिहिता वाचता येत नव्हतं, ऐन तिशीत नवरा गेला, शेतीचं आणि घराचं सगळं रगाडं अंगावर. दळताना, शेतात काम करताना ओव्या सुचायच्या, मुलगा सोपानदेव आणि घरातलेच एक भाऊबंद ऐकून ऐकून त्या लिहून ठेवायचे. १९५१ मध्ये त्या गेल्या, मग ते कागद अत्र्यांच्या हातात पडले आणि १९५२ ला पुस्तक आलं. म्हणजे स्वतःचं छापील पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. तू मला लिहितोस की "लिहायला योग्य स्पेस मिळत नाहीये." मी यावर काही बोलत नाही.

तरी सुगरणीच्या खोप्याची त्यांची कविता आहे ना, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली, त्यावरून एक गोष्ट सांगायचीच आहे. त्या कवितेत पिलांसाठी खोपा विणणारी ती पक्षीण आहे. प्रत्यक्षात विणतो नर. हे नीट कळलं ते पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी पाहिलं तेव्हा. १९३० च्या सुमाराची गोष्ट, जर्मनीहून शिकून परत आले तर मुंबईच्या म्युझियममधली त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली. बेकार. अलिबागजवळ किहीमला एका घरी जाऊन राहिले (बघ, कोकणात जाणारे तू एकटाच नाहीस, पण ते नोकरी गेल्यावर गेले). तिथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती, पावसाळाभर ते तिच्यासमोर तासन् तास बसायचे आणि टिपत राहायचे. त्यांना दिसलं ते असं की नर घरटं अर्धंच विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून बघतात, ओढून बघतात, पसंत पडलं तर एखादी तिथे राहते आणि मगच तो नळीसकट पुरं करतो. तिने अंडी घातली की हा गडी दुसरं अर्धं घरटं विणायला घेतो. आणि जी कुणालाच पसंत पडत नाहीत ती तशीच अर्धवट लोंबत राहतात.

आता यावरून बहिणाबाई चुकल्या असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. त्यांनी खोपा बघितला होता, विहिरीवरच्या झाडाला टांगलेला, वाऱ्यावर हलणारा, आणि बाईच्या नजरेने बघितला होता. सालिम अलींनी वेगळ्या नजरेने बघितला. दोघांनीही बघितला हे महत्त्वाचं. तू सुरूची झाडं बघितलेली नाहीस, तू ती वाचलेली आहेस.

आणि तो नर कसा काम करतो ते जरा मनावर घे. तू सहाशे पानांची कादंबरी डोक्यात घेऊन चार वर्षं फिरतोयस आणि कागदावर नऊ पानं. त्यापेक्षा अर्धी अर्धी घरटी विण ना. दोन पानांचं काहीतरी, चार पानांचं काहीतरी, कुणाला तरी दाखव, जमलं तर पुढे ने, नाही जमलं तर लोंबू दे तिथेच, दुसरं घे. दिवाळी अंकांचं बघ, १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने सुरू केलेली पद्धत अजून टिकून आहे आणि अजूनही शेकडो अंक निघतात, त्यांना नवीन माणसं हवी असतात. फक्त दिवाळीच्या तोंडावर पाठवू नकोस, संपादकांचं काम उन्हाळ्यातच सुरू झालेलं असतं. या वर्षीचं विसर, पुढच्या वर्षी मेपर्यंत एक कथा तयार ठेव.

आता तू म्हणशील की ताई, हिंजवडीत काय बघू, सगळीकडे काच आणि ट्रॅफिक. ट्रॅफिकमध्ये थांबलेलाच असतोस ना तासभर, मग बघ की खिडकीतून. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी एकदम उग्र गोडसर वास येतो, डोकं दुखतं काहींचं, तो सप्तपर्णीचा. फेब्रुवारीत काटेसावर पान नसताना फुलते. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि तामण, तामण तर आपलं राज्यफूल, पण पुण्यात दहा माणसांना विचार, किती जण ओळखतात बघ. उन्हाळ्यात पहाटे जो कुहू कुहू करून झोपमोड करतो तोही नर, गाण्यांमध्ये कितीही कोकिळा म्हणू देत. दुपारी टुक् टुक् टुक् असा एकसुरी आवाज येतो तो तांबट. रोज एक ओळ लिही, तारीख घालून. "आज अमुक झाडाला पालवी" एवढीच. सुंदर वगैरे लिहायचं नाही, उपमा द्यायची नाही. दुर्गाबाई भागवतांनी एकेका मराठी महिन्यावर जे लिहिलं ते मुंबईसारख्या शहरात राहून, त्यांना काही कुणी जंगलात बंगला दिला नव्हता. आणि मारुती चितमपल्ली, जे खरोखर जंगलात राहिले, ते वनखात्याच्या नोकरीत होते रे, ड्युटी करून लिहायचे. पाच नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि बारा नोव्हेंबर सालिम अलींचा, म्हणून त्या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात रजा टाक आणि गावी जा, कोकणात नको.

स्वप्नांबद्दल तू बरंच लिहिलंयस, पुरस्कार, भाषांतरं, मुलाखती. असू देत, मलाही होती, काही अजूनही आहेत. पण तुझ्या त्या यादीत एकही स्वप्न वाक्याबद्दल नव्हतं. म्हणजे "मला वादळानंतरची सकाळ अशी लिहायचीय की वाचणाऱ्याला मोडलेल्या केळीच्या खोडाच्या पाण्याचा वास यावा" असं काहीतरी. ते स्वप्न लिहून पाठवलं असतंस तर मी वेगळं उत्तर दिलं असतं, कदाचित सोड नोकरी म्हणाले असते, सांगता येत नाही. आणि इन्स्टावर त्या तुझ्या मित्राचं दुसरं पुस्तक आलं म्हणून तुला झोप लागत नाही हेही वाचलं. त्याचं पुस्तक विकत घे आणि वाच, चांगलं असेल तर तसं त्याला कळव, झोप लागेल. नसेल चांगलं तरी लागेल.

कादंबरीचं पहिलं प्रकरण परत पाठवू नकोस. त्या सकाळचं लिहून पाठव, पाच-सहा पानं पुरे, युनिकोडमध्ये टाइप करून. गावी गेलास की आजोबांशी बस, पण मुलाखत घेतल्यासारखं नको, त्यांच्याबरोबर बागेत चालत जा आणि गप्प राहा थोडा वेळ, तेच बोलतील. आवाज रेकॉर्ड करणार असशील तर आधी त्यांना सांग. कुठल्या दिशेचा वारा होता, झाडं मुळातून पडली की मधूनच मोडली, पडलेले घड कुणी नेले, काय भावाने नेले, की गुरांपुढे टाकले, आजी त्या दिवशी काय म्हणाली. आणि पीकविमा मिळाला होता का ते नक्की विचार, मिळाला असेल तर किती आणि किती महिन्यांनी, कथेत ते लागणार आहे.

तुझी,
ताई